हातचा एक

एरवी या सदराला आठवड्याला पाऊण पान मिळते, आणि साड्यांच्या सेलची जाहिरात आली की त्याचेही अर्धे होते. दिवाळी अंकात मात्र संपादक हात सैल सोडतात. त्या उदारपणाचा फायदा घेऊन यंदा ज्या विषयावर लिहायचे ठरवले आहे, तो ऐकून माझे शाळेतले गणिताचे मास्तर, असतील तिथे, कपाळावर हात मारून घेतील. विषय आहे एक संख्या. चांगली सतरा अंकी. आणि लिहिणारा आहे दहावीला गणितात १५० पैकी ५८ गुण मिळवून पुन्हा त्या वाटेला न गेलेला, रत्नागिरीच्या एका कॉलेजात गेली वीस वर्षे मुलांना संतसाहित्य आणि व्याकरण शिकवणारा मराठीचा प्राध्यापक. तेव्हा वाचकहो, सांभाळून घ्या.

गोष्ट गेल्या दिवाळीच्या तोंडावरची. आमची कन्या मनू तेव्हा आठवीत होती. सहामाहीचे पेपर तपासून घरी आले होते. बाईसाहेब शाळेतून आल्या त्या दप्तर झोपाळ्यावर टाकून थेट माडीवर गेल्या. चहाला हाक मारली तरी उत्तर नाही. सौ.ने खुणेनेच मला दप्तराकडे पाहायला सांगितले. (आमच्या घरी मुलीच्या मनात शिरण्याचे काम आईचे आणि दप्तरात शिरण्याचे बापाचे, अशी वाटणी आहे.) गणिताचा पेपर वरच होता. ‘११११ चा वर्ग काढा’ असा तीन गुणांचा प्रश्न. खाली मनूने एका ओळीत लिहिले होते: १२३४३२१. समोर लाल शाईने शून्य, आणि शून्याशेजारी एकच शब्द: ‘रीत?’

मी कागद घेऊन गुणाकार करून पाहिला. दोनदा केला, कारण पहिल्यांदा माझा चुकला. उत्तर बरोबर होते.

“बाबा, मला नाही शिकायचं गणित,” माडीवरून आवाज आला.

आता दुसऱ्या एखाद्या घरात हे वाक्य रात्रीच्या जेवणापर्यंत विरून गेले असते. आमच्या घरात त्याला पूर्वपीठिका आहे. नववीत असताना अगदी असाच रुसून मी वडिलांना हेच म्हणालो होतो. वडील कचेरीतून दमून आले होते. ते “बरं” म्हणाले. तेवढ्यावर माझ्या आयुष्यातले गणित संपले. त्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही. मराठीने मला पोटापाण्याला लावले आणि पोटापलीकडचेही पुष्कळ दिले. पण ‘बरं’ हा शब्द किती महाग पडू शकतो हे मला ठाऊक होते. मी माडीवर गेलो आणि विचारले, “मला सांग तरी, हे तुला कळलं कसं?”

ती म्हणाली, “त्यात काय कळायचं? अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा १२३२१. मग हजार एकशे अकराचा १२३४३२१ नाही का होणार? वर चढायचं नि खाली उतरायचं.”

“आणि पाच एक असले तर?”

“१२३४५४३२१.”

अशा रीतीने आम्ही दोघे चढत चढत नऊ एकांपर्यंत गेलो. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. ही ती सतरा अंकी संख्या. डावीकडून वाचा की उजवीकडून वाचा, सारखीच. खरे-खोटे करायला मनूने मोबाइलवरचे गणकयंत्र उघडले. त्याने १.२३४५६७९ असे काहीतरी दाखवून पुढे एक इंग्रजी अक्षर आणि सोळाचा आकडा टाकला आणि हात वर केले. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या कचेरीतल्या संगणकावर पाहिले, तर त्या तक्त्याने १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर दिले. म्हणजे पंधरा अंकांपर्यंत प्रामाणिक आणि पुढे दोन शून्यांवर बोळवण. एवढ्या मोठ्या यंत्राने शेवटचे एकवीस गिळून टाकावेत आणि वर चेहऱ्यावर काही दाखवू नये, याचे मला नवल वाटले. आमच्या कन्येच्या पाठ उत्तरात ते एकवीस शाबूत होते.

संख्या तर मिळाली, पण ती म्हणायची कशी? इथे मात्र मराठीचा मास्तर कामाला आला. आपण कोटी, अब्जापर्यंत जातो आणि पुढे हात जोडतो. पण भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त अठरा घरांची नावे देऊन ठेवली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक घर आधीच्याच्या दसपट. त्या हिशेबाने आमची संख्या अशी वाचायची: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मनूला हे इतके आवडले की रात्री ताटावर बसून ती तेच म्हणत होती. शेवटी सौ. म्हणाली, “आता एक पोळी संपव, मग महापद्म.”

कॉलेजात आमच्या स्टाफरूममध्ये मराठीचे आणि गणिताचे टेबल शेजारी शेजारी आहे. वीस वर्षांत त्या टेबलाकडून मी फक्त स्टेपलर मागितला होता. त्या दिवशी मी सहकाऱ्यापुढे संख्या ठेवली. ते हसून म्हणाले, “अहो, ही तर कापरेकरांची डेम्लो संख्या!”

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. मी ऐकले नव्हते, याची मला लाज वाटली. १९०५ साली डहाणूला जन्म. लहानपणीच आई गेलेली, वडील कारकून आणि त्यांना ज्योतिषाचा नाद. आकड्यांची गोडी तिथून लागलेली. ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. आता हे परांजपे म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. आणि शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे त्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत असत. आमच्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांचाही आवडीचा विषय गणितच. थोडक्यात, आमच्या जिल्ह्याच्या लाल मातीत आंब्याइतकेच गणितही पिकते. माझे कलम तेवढे लागले नाही.

पण परांजप्यांना केंब्रिज लाभले, कापरेकरांच्या वाट्याला नाशिकजवळची देवळाली आली. बी. एस्सी. झाल्यावर १९३० साली ते तिथल्या शाळेत मास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिले. पुढची पदवी नाही, विद्यापीठ नाही, हाताखाली कोणी नाही. शाळा सुटली की कागद आणि पेन्सिल. डेम्लो हे नाव कुठल्या ग्रीक पंडिताचे असेल असे मला वाटले होते. ते निघाले आगगाडीच्या स्टेशनचे. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या या डेम्लो स्टेशनावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून स्टेशनचेच नाव संख्यांना दिले. त्याच स्टेशनावर रोज लाखो माणसे उभी असतात आणि त्यांना फक्त ‘आता आत कसे शिरायचे’ एवढेच सुचते!

नावे ठेवण्यात हा माणूस मोठा रसिक. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती संख्या ‘हर्षद’. जल देतो तो जलद, तसा हर्ष देतो तो हर्षद. व्याकरणाच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मी दिलेले नाही. आणखी एक जात त्यांनी पाहिली. १५ घ्या, त्यात त्याचे अंक १ आणि ५ मिळवा, २१ येतात. म्हणजे १५ हा २१ चा जनक. पण २० ला असा जनक शोधून सापडत नाही. अशा बिनबापाच्या संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. गणपतीपुळ्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि गंमत अशी, की जपमाळेचे १०८ मणी, तो १०८ हाही स्वयंभूच.

त्यांच्या ६१७४ ची कीर्ती तर जगभर आहे. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. फार तर सात खेपांत ६१७४ येते आणि तिथून हलत नाही. लोकमान्यांचे जन्मसाल १८५६ घेतले: ७०८३, ८३५२, ६१७४. तीन खेपांत काम झाले. कापरेकरांचे स्वतःचे १९०५ घेतले: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पुऱ्या सात खेपा! ज्याने वाट शोधली त्यालाच सगळ्यांत लांबून यावे लागले.

आयुष्यातही तसेच झाले म्हणायचे. ‘ही करमणूक झाली, हे गणित नव्हे,’ अशाच नजरेने आपल्याकडच्या पंडितांनी पुष्कळ दिवस त्यांच्याकडे पाहिले. पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळाली कुठे आहे हे कळले. तोवर मास्तर सत्तरीला पोचले होते. पुढे १९८६ साली ते गेले. (सदर लिहिणाऱ्यांच्या हातून अधूनमधून असे चांगले काम होते, हे आमच्या संपादकांनी ध्यानात घ्यावे.) ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मराठी एम. ए.च्या वर्गालाही दर जूनमध्ये विचारला जातो, म्हणून या मास्तरांविषयी मला भलतेच आपलेपण वाटू लागले.

सहकाऱ्याने जाता जाता आणखी एक कागद दिला. आमच्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणजे तीही हर्षद! भागाकार १५२४१५७८९९७१०४१. हा पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक, १८ ने गुणले की नऊ दोन, २७ ने गुणले की नऊ तीन. “यात आठ नाही, पाहिलंत?” सहकारी म्हणाले. “आठ कुठे गेला ते मुलीला शोधू द्या.” आणि तासाला निघून गेले.

संध्याकाळी मी हे सगळे मनूला सांगितले. रुसवा पळाला होता. तिचे लक्ष मात्र आठावर नव्हते, दहावर होते. “बाबा, नवापर्यंत झालं. दहा एकांचं काय? १२३४५६७८९, मग १०, मग ९८७६५४३२१. बरोबर?”

मला बरोबर वाटले. इतका वेळ सरळ चाललेला जिना दहाव्या पायरीला कशाला वाकडा होईल?

ओटीवर आमची आई वाती वळत बसली होती. तिचे शिक्षण सातवीपर्यंत, पण तिला पावकी, निमकी, दीडकी आणि औटकी आजही पाठ. “अगो, मांडून बघ,” ती म्हणाली. “मांडल्याशिवाय गणित खरं नसतं.”

मनूने मोठा कागद घेतला. दहा एक, त्याखाली एक घर डावीकडे सरकवून दहा एक, त्याखाली आणखी सरकवून. दहा ओळी झाल्या. आईने चष्मा पुसला, कागद जवळ घेतला आणि हसली. “ही तर माझी ठिपक्यांची रांगोळी!”

आम्ही दोघे पाहत राहिलो. आईची नरकचतुर्दशीची रांगोळी दरवर्षी ठरलेली. मधे नऊ ठिपके, दोन्ही अंगांना आठ, सात असे कमी होत होत एकापर्यंत. मनूच्या गुणाकारातही तेच होते. नऊ एकांचा गुणाकार मांडला तर पहिल्या घरात एक एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या घरात नऊ आणि मग उतरत पुन्हा एक. घरांची बेरीज हेच अंक. म्हणून ती संख्या तशी दिसते! “आणि एकूण ठिपके एक्क्याऐंशी,” आई म्हणाली, “नऊ ओळी, नऊ ठिपके. मोजायला कशाला हवेत?” सहकाऱ्याच्या कागदावरची अंकांची बेरीज ८१ कुठून आली, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरले.

“आता दहाचं कर,” आई म्हणाली. “पण मधल्या घरात दहा ठिपके झाले. दहा एका घरात राहतात का?”

“नाही. शून्य लिहायचं आणि हातचा एक.”

“मग घे हातचा.”

मनू उजवीकडून उतरत आली. एक, दोन, तीन करत नऊ. मग मधले दहा. शून्य लिहिले, हातचा एक. पुढच्या घरात नऊ होते, हातचा धरून तेही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या पुढे आठ होते, हातचा धरून नऊ. आता हातचा संपला. मग सात, सहा, पाच, सरळ एकापर्यंत. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. एकोणीस अंक, भास्कराचार्यांचा परार्धही एका घराने कमी पडला. आणि आरसा फुटला होता. उजवीकडे आठ आहे, डावीकडे नाही.

मनू थोडी हिरमुसली. मग एकदम ओरडली, “बाबा, तुमचा आठ! तो हरवला नाही, त्याचा नऊ झाला!”

मी धावत सहकाऱ्याचा कागद आणला. त्यावर खाली लिहिले होते, १ भागिले ८१ म्हणजे ०.०१२३४५६७९०१२३४५६७९, आणि हेच पुढे कायम. तिथेही तीच गोष्ट. एक, दोन, तीन अशी ओळ चाललेली असते, दहाची पाळी येते, त्याचा हातचा नवावर जातो, नवाचा आठावर, आणि आठ दिसेनासा होतो. शाळेत हातच्याला मी कारकुनी समजत होतो. इथे सगळी कथा हातच्यानेच घडवली होती.

आणि इथे मला एक अवघड गोष्ट कबूल करावी लागली. दोन दिवस मी मनातल्या मनात त्या बाईंशी भांडत होतो. शून्य देणे कठोर होते, असे मला आजही वाटते. तिनातला एक गुण तरी द्यायचा. पण ‘रीत?’ हा प्रश्न खोटा नव्हता. मनूचा चढउताराचा नियम नऊपर्यंत खरा होता, आणि तो दहाला का मोडतो हे रीत मांडल्यावाचून तिला कळले नसते, मला तर नाहीच. हे मी तिला सांगितले. तिने माझ्याकडे, आपल्या पक्षाचा माणूस फुटल्यावर पाहतात तसे पाहिले. मग म्हणाली, “पण आधी सुचायला तर पाहिजे ना?” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि कापरेकर मास्तरांनीही बहुधा तिचीच बाजू घेतली असती.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने यंदा दहा ठिपक्यांची रांगोळी काढायची ठरवली. शंभर ठिपके. आमचे अंगण काही लांबरुंद नाही. एका बाजूला तुळस, दुसऱ्या बाजूला माझी मोटारसायकल. नऊ ओळी बसल्या, दहावी पायरीवर चढवावी लागली. मनूने आंघोळ व्हायच्या आधीच कंदिलाखाली उभे राहून ठिपके मोजले.

सुट्टी संपल्यावर ती दहा ओळींचा तो कागद घेऊन शाळेत गेली. मी बरोबर येऊ का म्हणून विचारले, तर नको म्हणाली. बाईंनी कागद उभा-आडवा करून पाहिला, दोन ठिकाणी हातचा तपासला. पेपरातले शून्य शून्यच राहिले. गुण कधीच यादीत चढले होते. पण बाईंनी कागद फळ्याशेजारी टाचणीने लावला आणि साऱ्या वर्गाला अकरा एकांचा वर्ग घरून करून आणायला सांगितला. रीतीसकट. वर्गातल्या बत्तीस मुलांच्या घरी त्या रात्री काय काय झाले असेल, देव जाणे. आमच्या घरी मात्र गुणाकार मनूने केला आणि हातचे आईने धरले, आणि उत्तर आले १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. पडताळून पाहायचे असेल तर वाचकांनी मोबाइल काढू नये. रांगोळीचा डबा काढावा.